काठावरचे सहा ठिपके

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार

घट बसले. सकाळी भैरवनाथाला जाऊन आलो, अंगारा लावला आणि साडेआठला घोटावड्याहून माणला कामावर पोचलो. प्रयोगशाळेच्या क्लीन रूमच्या दारात, जिथे धुळीचा कणही चालत नाही, मॅडमनी अडवलं.

"शेडगे, कपाळ पुसून आत या."

चार माणसं उभी होती. नऊ वर्षं मी या चेंबरवर आहे. आधीचे सर मला वाल्मीकराव म्हणायचे, मोजणीवरचा निलेश मला काका म्हणतो. ही बाई ऑगस्टमध्ये आली, वय पस्तीसच्या आत, आणि तिच्यासाठी मी नुसता शेडगे.

पुसलं. कागदाने पुसलं आणि तो कागद कचऱ्याच्या डब्यात टाकला. देवाचा अंगारा कचऱ्यात. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. बोलून दाखवायला कुणी नाही म्हणून इथे लिहितो: डॉ. मृण्मयी नावाची ही बाई इथून जावी. लवकर जावी आणि मान खाली घालून जावी.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मेहुणा भैरू घरी आला होता. आमची प्रयोगशाळा त्याच्याच शेडात आहे. पूर्वी तिथे त्यांचा गोठा होता. जेवताना म्हणाला, "दाजी, तुमी त्या आमच्या शेडात नक्की करता काय? धा वर्सं बगतोय, येक गाडी माल भाईर गेल्याला दिसला न्हाई."

मी सांगितलं. तळहाताएवढी काचेसारखी चकती असते. पंपाने सगळी हवा काढलेल्या चेंबरमध्ये ती ठेवायची आणि तिच्यावर धातूच्या ऑक्साइडचा थर चढवायचा. थर किती, तर मिलिमीटरचा लाखावा भाग. त्याला विजेचा धक्का दिला की तो आतून एका बाजूला वळतो आणि वीज काढून घेतली तरी तसाच राहतो. उलटा धक्का दिला की उलटा वळतो. लहान धक्के दिले तर थोडा थोडा वळतो. मेंदूतही आठवण अशीच थोडी थोडी मुरते म्हणे. म्हणून अशा थरांची चिप करायची, जी एकाच जागी लक्षातही ठेवील आणि विचारही करील.

भैरू माझ्या बायकोकडे, तुळसाकडे बघून म्हणाला, "मग आमच्या भैनीसारकीच की. येकदा फिरली की फिरली. वीज न्हाई, काय न्हाई."

तुळसाने त्याला भाकरी वाढली नाही. त्याची त्याला घ्यावी लागली.

मॅडमनी जुनी रीत बंद करून हाफ्नियम-झिर्कोनियम या दोन धातूंचा नवा थर आणला आहे. नोव्हेंबरअखेर त्याच्या चकत्या एका मोठ्या कंपनीला दाखवायच्या आहेत. त्यांना पसंत पडल्या नाहीत तर प्रयोगशाळेला कुलूप लागेल, असं मालक निरंजन साहेब सगळ्यांना सांगून गेले.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या खंडेनवमी. पिरंगुटला पंपाच्या कारखान्यात होतो तेव्हा या दिवशी एकेका पंपाला हळदकुंकू लागायचं. इथे आधीचे सर चेंबरच्या बाहेरच्या पत्र्याला बोट लावू द्यायचे. आज रीतसर परवानगी मागितली.

"हळदकुंकू? क्लीन रूममध्ये?" मॅडमनी मान वर केली नाही. "शेडगे, हे लेथ मशीन नाही."

"आत नको. बाहेरच्या पत्र्याला."

"बाहेरसुद्धा नाही. पूड ती पूड. आणि तुमच्या सवयी माझ्या थरात उतरायला नकोत."

माझ्या सवयी. चेंबर उघडण्याआधी मी मनात नाव घेतो, ती सवय. हातमोजा फाटला तर कुणी न सांगता बदलतो, तीही सवय. या बाईला माणसाला बोलायची सवय कुणी लावली नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी झाली. चुकली नाही.

दसऱ्यापर्यंत चेंबर बंद, म्हणून काल निघताना त्यातली रिंग सोडवून घरी आणली. चकतीला कडेने दाबून धरणारी ही स्टीलची रिंग, सहा स्क्रूंची. आख्खं चेंबर घरी आणता येत नाही, तर त्याचा हात आणला असं समजलो.

तुळसाने समया आणि ताम्हन घासायला चिंच-मीठ काढलं होतं. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात तिने रिंगही त्यात घासली. अशी निघाली की देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकांना मागे सारील. "अवो, हिला आजवर कुनी घासलंच नवतं का?" म्हणाली.

हळदकुंकू लावलं नाही. मॅडमचा शब्द मोडायचा नव्हता. एक झेंडूचं फूल वाहिलं आणि हात जोडले. चेंबरला सण मिळाला आणि त्या बाईला बोलायला जागा उरली नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

रिंग परत बसवली. आधी आयपीएने, म्हणजे साफ करायच्या अल्कोहोलने, तीनदा पुसली, दोन-दोन हातमोजे घालून. आम्ही काहीही पुसतो ते त्यानेच. कुणाला कळलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नव्या थराची मोजणी आली. थरावर मोजणीसाठी धातूचे बारीक ठिपके काढलेले असतात. चकतीच्या मधले ठिपके बरे आहेत, पण काठाच्या बाजूचे गळतात. म्हणजे वीज धरून ठेवत नाहीत, आठवण ठेवत नाहीत. निलेश मोजणीचं काम करतो. तो म्हणाला, "काका, काठाकडे सगळी बोंब आहे."

मी म्हणालो, "नवी रीत आहे ना."

मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते, पण झाला. घरी येताना गाडीवर गुणगुणत होतो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बाहेर तपासायला पाठवलेल्या चकतीचा अहवाल आला. थरात सोडियम सापडलं. मॅडमनी सगळ्यांना उभं केलं.

"सोडियम घामात असतं. हातमोज्यांशिवाय कोण हात लावतंय?"

विचारलं सगळ्यांना, बघितलं माझ्याकडे. मग कापसाच्या काड्या आणल्या आणि एकेकाच्या हातावर फिरवल्या. माझ्या कपाळावरही फिरवली. खिशातली अंगाऱ्याची पुडी मागून घेतली, त्यातली चिमूट एका नळीत टाकली आणि नळीवर लिहिलं: शेडगे, कपाळ.

आज वसुबारस. गाईसमोर वाकलो तरी डोळ्यांपुढे ती नळी. घाम म्हणजे मी, घाण म्हणजे मी. वातानुकूलित खोल्यांतच वाढलेल्या माणसाला घामाचं फार वावडं असतं. हिचं वाटोळं होवो, असं गाईच्या पायावर पाणी घालताना मनात आलं. आलं ते लिहिलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

अंगारा सुटला! त्यात पोटॅशियम आणि कॅल्शियम निघालं, सोडियम जवळजवळ नाहीच. हातांवरही कुणाच्या फार नाही. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अंगाऱ्यातून आलेलं नाही. तो मुद्दा संपला." एवढंच. माफीचा शब्द नाही.

निलेश नंतर चहाला म्हणाला, "काका, त्यांनी पहिली नळी स्वतःचीच पाठवली होती. स्वतःचा हात, तोंडाला लावायचं क्रीम, सगळं."

"नाटक."

"नाटक कुणाला दाखवायला? मला यादी दिसली म्हणून कळलं."

निलेश अजून भोळा आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

मॅडम निलेशला काहीतरी समजावत होत्या, मी शेजारी पंपाचं तेल बघत होतो. म्हणाल्या, "हा थर एका बाजूला वळवून फार दिवस तसाच ठेवला ना, की त्याला तीच बाजू लागते. मग उलटवायचा तर दुप्पट जोर लावावा लागतो."

हे मला ऐकवायला होतं. निलेश म्हणतो की थराबद्दलच होतं. मला टोमणा कळतो.

संध्याकाळी भैरूकडे गेलो आणि सगळं सांगितलं. बाईने अंगारा कचऱ्यात फेकला, असं सांगितलं. फेकला मी होता, तिच्या सांगण्यावरून. पण एवढा फरक कोण करतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

भैरू दहा-बारा जण घेऊन गेटवर आला. मॅडम एकट्याच बाहेर गेल्या. मी आत काचेमागे होतो, ऐकू सगळं येत होतं.

"काय वो बाई, देवाचा अंगारा नळीत घालून तपासता व्हय? उद्या देवाची लघवी मागशीला."

माणसं हसली.

"तपासला म्हणून तर सुटला," मॅडम म्हणाल्या. "नसता तपासला तर आळ कायमचा तिथेच राहिला असता."

"लई शिकलीस गं. कचऱ्यात कुनी टाकला?"

मॅडमनी एकदा मागे वळून काचेकडे बघितलं. मला वाटलं, आता माझं नाव घेणार. त्या म्हणाल्या, "माझ्या नियमाने टाकला. बोलायचं ते माझ्याशी बोला."

"आता बोलायचंच न्हाई. शेड माजं हाय. पंदरा दिसांनी ही बाई हितं दिसली तर कुलूप घालतो."

मी बाहेर गेलो नाही. पंपाचं तेल बदलायचं होतं. तेल परवाच बदललं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी असून निरंजन साहेब कोथरूडहून आले, आम्हालाही बोलावलं, मॅडमशी दार लावून बोलले. बावीस तारखेला मॅडमनी जायचं ठरलं. कागदावर कारण असं की त्यांच्या रीतीने चकत्या वाया गेल्या. तोवर त्यांनी चेंबरला हात लावायचा नाही, फक्त मोजणी बघायची. साहेब मला म्हणाले, "वाल्मीकराव, आता चेंबर सर्वस्वी तुमच्या हातात."

येताना भैरवनाथाला पेढे ठेवले. देवाने ऐकलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

निलेशने हाक मारली. "काका, हे बघा. बाईंना जायला नऊ दिवस राहिलेत आणि ह्या बसल्यात चाळीस चकत्यांच्या मोजण्या एकावर एक रचून नकाशा काढत."

पडद्यावर गोल चकती. मेलेले ठिपके लाल. सगळं लाल काठाने फिरलेलं, बांगडीसारखं, आणि त्या बांगडीवर सारख्या अंतरावर सहा जागी जास्त गडद.

ते सहा मी नऊ वर्षं हाताने आवळतो आहे.

"कशाचे असतील?" निलेशने विचारलं.

"मला काय कळतंय." मग विचारलं, "सोडियम घामातच असतं का रे? आणखी कशात?"

"मिठात की, काका. मीठ म्हणजे अर्धं सोडियमच."

तेवढ्यात मॅडम आल्या. "शेडगे, रिंग कशाने पुसता?"

"आयपीएने." हे खरं होतं.

"मीठ असेल तर आयपीएने निघत नाही, त्यात ते विरघळत नाही. रिंग कधी खोलीबाहेर गेली होती?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोलायला एवढाच वेळ लागतो.

घरी येऊन तुळसाला विचारलं, "त्या दिवशी चिंचेत मीठ किती घातलं होतंस?"

"मूठभर. का वो? डाग ऱ्हायला व्हता का?"

"नाही," म्हणालो. एका दिवसात दुसऱ्यांदा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टीच्या दिवशी कामावर गेलो. रिंग सोडवली, शुद्ध पाण्यात तासभर उकळली, पाणी बदलून पुन्हा उकळली. स्क्रूंची भोकं काडीने साफ केली. चेंबर दोनदा तापवून रिकामं चालवलं आणि मग नवी चकती घालून थर चढवला. कुणी नव्हतं. देवाचं नाव घ्यायचं राहून गेलं, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चकती उत्तम निघाली. काठापासून काठापर्यंत एक ठिपका गळत नाही. निलेशने हजारो वेळा थर उलटसुलट वळवून बघितला, तरी थर दमला नाही. लहान धक्क्यांनी पायरी पायरी चढतो, तसाच उतरतो. रीत मॅडमचीच, एक आकडा मी बदललेला नाही. म्हणजे ती पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

साहेब आले, माझा हात हातात घेतला. "बघा! जुन्या माणसाचा हात लागला आणि चकती बोलायला लागली." टाळ्या झाल्या.

मॅडम टाळ्यांत नव्हत्या. नंतर चेंबरपाशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काय बदललं?"

"काही नाही."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मी खाली बघितलं नाही. त्याचीही आज मला लाज वाटते आहे. खाली तरी बघायला हवं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोन रात्री नीट झोप नाही. मनाला समजावून बघतो. तिने मला शेडगे म्हटलं. माझं कपाळ पुसायला लावलं. माझ्या सवयी काढल्या. सगळं खरं आहे. पण कितीही खरं असलं तरी त्याने मीठ निघत नाही.

सकाळी भैरवनाथाला गेलो. पुजारी कुशाबांना म्हणालो, कौल लावायचा आहे. त्यांनी देवाला दोन बाजूंना दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर बोलायचं, डावं पडलं तर गप्प राहायचं, असं मी मनात धरलं. पाऊण तास बसलो. एकही पडेना.

कुशाबा म्हणाले, "वाल्मीक, तू देवाला इचारतूयास का सांगतूयास?"

"विचारतोय."

"मंग डाव्या फुलाकडंच काय म्हून बगत बसलायास?"

उठून आलो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. रिंग, चिंच, मीठ, खोटं. त्यांनी मध्ये दोनदा फोन घेतला. शेवटी म्हणाले, "वाल्मीकराव, चकती चालली ना? भैरूशेठ शांत आहेत ना? मग हे आता कशाला उकरता?"

"साहेब, ठपका मॅडमवर गेलाय."

"कुणावर तरी जाणारच होता. त्या शिकलेल्या आहेत, मिळेल दुसरीकडे. तुम्हाला मिळेल का, ते बघा."

"ठपक्याच्या कागदावर कोण घेईल त्यांना?"

"तुम्ही आजचं हे बोलणं विसरा. मी विसरलो." आणि खांद्यावर थोपटलं.

नऊ वर्षांत आज पहिल्यांदा मला साहेबांचा राग आला. तिचा येतो तसा नाही. हा थंड होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कामावरून मॅडमच्या घरी गेलो. हिंजवडीत बाराव्या मजल्यावर भाड्याने राहतात. दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत. मागे खोकी बांधलेली दिसत होती. दारातच सगळं सांगितलं.

ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "तेरा तारखेला मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं."

"हो."

"सतराला परत विचारलं."

"हो."

"ऑक्टोबरात माहीत नव्हतं, ते मी समजू शकते. मीठ कुणाच्याही हातून लागलं असतं. पण हे दोन दिवस तुमचे आहेत, तुमच्या बायकोचे नाहीत आणि देवाचेही नाहीत."

मी मान हलवली.

"तुम्ही चांगले आहात असं मी म्हणावं म्हणून आला असाल, तर मी म्हणणार नाही."

"त्यासाठी नाही आलो. ठपका काढायला काय लागेल?"

त्या म्हणाल्या, "पुरावा. रिंग त्या दिवशी बाहेर गेली होती, हे त्याच दिवशी, त्याच तारखेला कुठे लिहिलं गेलंय का? आज लिहून दिलेलं कुणी मानणार नाही. म्हणतील, दबावाने लिहिलं."

"माझी वही आहे," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. "रोजची. एक ऑक्टोबरचं पान आहे."

"द्या मग."

"ते एक पान देतो."

"सुटं पान चालत नाही. प्रयोगशाळेच्या वहीतून पान कधी फाडायचं नसतं, तुम्हाला माहीत आहे. आख्खी वही लागेल. मी वाचीन, आणि चकत्या बघायला येणाऱ्या त्या कंपनीची माणसंही वाचतील."

"तिच्यात बरंच काही लिहिलंय, मॅडम."

"माझ्याबद्दल?"

"हो."

"मग तर आख्खीच द्या," म्हणाल्या आणि दार लावलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

तुळसाला सगळं सांगितलं. आधी रडली, म्हणाली, माज्याच हातानं झालं. मी म्हणालो, तू भांडं घासलंस, खोटं मी बोललो. मग म्हणाली, "भैरूला मी सांगते, कुलूप घालायचं न्हाई. तुमचं तो ऐकायचा न्हाई, माजं ऐकंल. न्हाई ऐकलं तर भाऊबीज बंद." आणि खरंच फोन लावला. तिकडून भैरू ओरडत होता, ते मला अंगणात ऐकू येत होतं. ती त्याच्याहून मोठ्याने बोलत होती.

वही पहिल्यापासून वाचून काढली. बावीस सप्टेंबरवर रेघ मारावी म्हणून पेन उचललं. गाईच्या पाण्याचं ते वाक्यही आहे. अंगाऱ्याबद्दल भैरूला काय सांगितलं तेही आहे. प्रयोगशाळेत खोडायचं तर एकाच रेघेने खोडतात, खालचं वाचता यावं म्हणून. मग खोडून तरी काय मिळणार. पेन ठेवून दिलं.

मॅडम, तुम्ही इथपर्यंत वाचत आलात तर मधलंही सगळं वाचलंच असेल. ते लिहिलं तेव्हा मला तसंच वाटत होतं. काही अजून वाटतं. तुम्ही मला कधी नीट हाक मारली नाहीत, हे मी विसरलेलो नाही, आणि विसरलो असं लिहिलं तर ते तुमच्याशी बोललेलं तिसरं खोटं होईल. पण एक ऑक्टोबर खरा आहे. तेरा आणि सतरा नोव्हेंबरही खरे आहेत. तिथे खाली सही केली आहे.

ही वही तुमच्या दारात देऊन मी तसाच घरी येईन. सोमवारपासून साहेब मला आत घेणार नाहीत. चेंबर निलेशला चालवावं लागेल. त्याला थर चढवता येतो, पण रिंग बसवण्याचं काम आजवर माझ्याशिवाय कुणी केलेलं नाही, म्हणून लिहून ठेवतो. तुम्ही राहिलात तर तुम्ही त्याला सांगा, नाहीतर हे पान दाखवा. स्क्रू ओळीने आवळायचे नाहीत, समोरासमोरचे घ्यायचे. एका दमात नाही, तीन फेऱ्यांत, प्रत्येक वेळी थोडे थोडे. नाहीतर चकती तडकते. दारापासून मोजलं तर चौथा स्क्रू मध्येच अडतो. त्याला जोर करायचा नाही. पाव फेरा मागे घ्यायचा आणि पुन्हा लावायचा, मग बसतो.